डायरेक्ट मालकाकडून तिघांत रूम घ्यायलोय, बाँडवर फक्त माझंच नाव टाका म्हणतेत. काय करू?

जिंतूरकर:

नमस्कार सगळ्यांना. मी जिंतूरचा, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय अन् चिकलठाणा एमआयडीसीत जॉब लागलाय, पुढच्या एक तारखेला जॉईन व्हायचंय. संभाजीनगरला याच्या आधी फक्त पेपर द्यायला नाहीतर कुणाला घाटी दवाखान्यात भेटायला आलेलो, राहायचं पहिल्यांदाच आहे. एजंट एक महिन्याचं भाडं दलाली मागायला लागला म्हणून आम्ही तिघांनी स्वतःच गारखेडा, पुंडलिकनगर, हनुमाननगर सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या अन् गेटवर 'रूम भाड्याने देणे आहे' लिहिलेलं बघून डायरेक्ट मालकाला भेटलो.

घर चांगलंय. वरचा मजला, दोन खोल्या अन् किचन, संडास-बाथरूम आतच, जिना बाहेरून. मालक-काकू खाली राहतेत, काका रिटायर्ड आहेत, बोलायला साधे वाटले. भाडं ९,००० अन् डिपॉझिट २०,०००. आम्ही तिघं म्हणजे मी, माझा क्लासमेट तो शेंद्र्याला कंपनीत आहे, अन् तिसरा कन्नड तालुक्यातला, तो एमपीएससीची तयारी करायलाय, त्याला घरून पैसे येतात.

आता काका म्हणतेत की ५०० च्या बाँडवर (स्टॅम्पपेपरवर) नोटरी करू, ११ महिन्याचं, त्याच्यावर फक्त माझं नाव टाकू कारण माझा जॉब पक्का आहे, बाकी दोघांचं तू बघ. डिपॉझिट पण मीच सगळं द्यायचं अन् त्या दोघांकडून मी घ्यायचं. लाईट सबमीटरवर (काकांच्या मेन मीटरवरून वरच्या मजल्याला वेगळं बसवलेलं मीटर), युनिटला १२ रुपये. पाणी 'आहे ना भरपूर' एवढंच बोलले. अन् रविवारपर्यंत ५,००० टोकन द्या नसता दुसरे लोक पण विचारायलेत म्हणे.

मला हे विचारायचंय की एकाच्याच नावावर केलं तर काही प्रॉब्लेम येतो का, नोटरी पुरते का, अन् अजून काय काय बोलून घ्यायला पाहिजे. घरी वडिलांना विचारलं तर ते म्हणतेत माणूस चांगला असला म्हणजे झालं, पण मला जरा धाकधूक वाटायलीय. जाणकारांनी सांगा प्लीज.


सिडको_एन_९:

भाऊ, आधी जॉबबद्दल अभिनंदन. आता नीट ऐक. तिघं राहणार अन् नाव एकाचंच, हे करू नको. काका वाईट आहेत असं नाही, पण उद्या कन्नडवाल्या पोराचे पैसे दोन महिने आले नाहीत तर काका त्याला विचारणारच नाहीत, तुलाच विचारतील, कारण कागदावर तूच आहेस. पूर्ण ९,००० ची जबाबदारी तुझी, डिपॉझिट तुझं, भिंतीला खिळे त्या दोघांनी ठोकले तरी कापून घेणार तुझ्यातून. पहिला पगार हातात यायच्या आधीच हे सगळं डोक्यावर कशाला घ्यायचं.

अन् उलट बाजूनं बघ, त्या दोघांचंही मरण आहे. माझ्या आधीच्या गल्लीत असंच तिघं राहायचे, ज्याच्या नावावर बाँड होता त्याची पुण्याला बदली झाली, तो गेला, अन् मालकानं बाकी दोघांना आठ दिवसात खोली रिकामी करायला लावली. म्हणाले माझा व्यवहार त्याच्याशी होता, तुम्ही कोण? त्या पोरांनी वर्षभर भाडं भरलेलं, पण भरलेलं सगळं त्या तिसऱ्याच्या फोनपेवर, मालकाच्या खात्यावर एक रुपया गेलेला नाही, दाखवणार काय? एकाची तर ऐन परीक्षा चालू होती.

त्यामुळं पहिली गोष्ट, तिघांची नावं कागदावर. दुसरी, ज्यानं त्यानं आपल्या वाटणीचं डिपॉझिट अन् भाडं डायरेक्ट काकांच्या बँक खात्यावर टाकायचं, खाली रिमार्कमध्ये 'वरची रूम डिपॉझिट' नाहीतर 'जून भाडं' असं लिहून. काकांना रोखच पाहिजे असले तर छोटी वही करा, दर महिन्याला तारीख, रक्कम अन् काकांची सही. आपल्याकडं जुने मालक अशी वही ठेवायला नाही म्हणत नाहीत, उलट त्यांना सवय असते. पैसे मिळाले की पावती देणं तसंही मालकाचं काम आहे.

टोकनचं म्हणशील तर ५,००० एकदम देऊ नको, दोन हजारात भागव, अन् द्यायच्या आधी लाईट बिल बघ कुणाच्या नावावर आहे. खात्याचं नाव अन् बिलाचं नाव एक नसलं तर शांतपणे विचारायचं, बऱ्याचदा बिल वडिलांच्या नाहीतर बायकोच्या नावावर असतं, त्यात वावगं काही नाही. टोकन दिलं की काकांकडून व्हॉट्सॲपला एक ओळ लिहून घे, 'वरच्या रूमचे २,००० मिळाले, डिपॉझिटमध्ये धरू, रूम दिली नाही तर परत देऊ'. एवढं लिहायला कुणी मालक रागावत नाही.


भाडेकरार_ताई:

मी हेच काम करते, लोकांचे भाडे करार ऑनलाईन करून देते, म्हणून जरा सविस्तर लिहिते, वाचायचा कंटाळा करू नका.

११ महिन्याचा करार असला की रजिस्टर करायची गरज नाही, नोटरी पुरते, हे आपल्याकडं सगळ्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की शिकलेली माणसंसुद्धा तेच सांगतात. महाराष्ट्रात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आहे, ३१ मार्च २००० पासून लागू, त्याच्या कलम ५५ मध्ये सरळ लिहिलंय की करार लेखी पाहिजे अन् नोंदणीकृत पाहिजे, मग तो ११ महिन्याचा असो नाहीतर ३ वर्षाचा. नोंदणी करायची जबाबदारी मालकावर आहे. नाही केली तर मालकाला ३ महिन्यापर्यंत कैद नाहीतर ५,००० रुपयापर्यंत दंड नाहीतर दोन्ही होऊ शकतं. अन् याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणीचा कागद नसेल अन् वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. म्हणजे नोटरीवर भागवून काका स्वतःचंच नुकसान करायलेत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसणार.

खर्चाला घाबरू नका. स्टॅम्प ड्युटी लागते ०.२५ टक्के, ती सगळ्या मुदतीच्या एकूण भाड्यावर, अन् परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवायचं. तुमचं ९,००० गुणिले ११ म्हणजे ९९,०००, त्यात डिपॉझिटचं व्याज अठराशे-दोन हजार, म्हणजे लाखाच्या आसपास, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे अडीचशे-तीनशे रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. (वाळूज-बजाजनगरकडं ग्रामपंचायत हद्दीत घर असेल तर ५००.) वरून थोडे हँडलिंगचे अन् करून देणाऱ्याची मजुरी. तिघांत वाटलं तर डोक्यावर फार येत नाही, अन् नोटरीलाही पैसे जातातच की.

ऑफिसला चकरा मारायची गरज नाही. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर भरायचं, मालक, भाडेकरू अन् दोन साक्षीदार यांचा आधारवरून अंगठा घ्यायचा, तो घरी बसूनही होतो. तिथं भाडेकरू म्हणून तीन नावं टाकता येतात, काहीच अडचण नाही.

आधार कार्डाची झेरॉक्स इकडंतिकडं वाटत फिरू नका, आधारच्या साईटवरून मास्क्ड आधार (नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसतात ते) डाऊनलोड होतं, ओळखीपुरतं तेवढं बास.


उस्मानपुऱ्याहून:

मी घरमालकीण आहे, वरच्या मजल्यावर आम्ही पण पोरं ठेवतो. सगळे मालकाला बोलायलेत म्हणून आमचीही बाजू सांगते, म्हणजे या पोराला काकांशी बोलायला सोपं जाईल.

मालक एकच नाव का मागतो? दोन कारणं असतात. एक तर महिना भरला की तीन पोरांच्या मागं फिरायचं, एक म्हणतो त्यानं दिलं असेल, दुसरा म्हणतो एटीएम बंद होतं, हे नको असतं. दुसरं खरं कारण भीतीचं आहे. आमच्या सासऱ्यांच्या काळात जुन्या शहरात, गुलमंडीकडं, भाडेकरूंनी पिढ्यानपिढ्या घरं सोडली नाहीत, नावापुरतं भाडं देत राहिले, ते सगळं डोळ्यासमोर पाहिलंय लोकांनी. म्हणून जितकी नावं कागदावर तितकी घरावर हक्क सांगणारी माणसं, असं म्हाताऱ्या माणसाला वाटतं. आमच्या ह्यांना पण तसंच वाटायचं. त्यात तुम्ही पोरं नोंदणी-रजिस्ट्री असले शब्द वापरता, अन् रजिस्ट्री म्हणलं की आपल्याकडं माणसाला घर विकल्याचीच आठवण येते.

तेव्हा पोरा, काकांपाशी कायद्याची कलमं घेऊन जाऊ नको. काकू असताना जा, बसून बोल. म्हण की काका, आमच्या तिघांची नावं अन् आधार तुमच्या कागदावर असली तर तुम्हालाच बरं, उद्या काही झालं तर तुमच्या घरात कोण राहत होतं ते पोलिसांना दाखवता येईल. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्यावीच लागते, आम्ही आता ऑनलाईन देतो, मुलगा भरून देतो मोबाईलवर. अन् भाडं ५ तारखेच्या आत तिघांचं मिळून येईल, मागं पडणार नाही, ही हमी तू स्वतः दे. मालकाला त्याहून जास्त काही नको असतं.


भाडेकरार_ताई:

@उस्मानपुऱ्याहून, काकू तुम्ही अगदी बरोबर बोललात, माझ्याकडं येणाऱ्या दहातले आठ मालक ह्याच भीतीनं नाही म्हणतात. त्यांच्यासाठी इथं लिहून ठेवते. आता जो करार होतो तो लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे राहायची परवानगी. त्यानं घरात कुणाचा हक्क तयार होत नाही. मुदत संपली अन् पोरं उठली नाहीत तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाऊ शकतो, अन् मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांचं भाडं दुप्पट दरानं लागतं. लेखी करारात जे लिहिलंय ते तिथं निर्णायक पुरावा धरतात. म्हणजे कागद जितका पक्का तितकं रिकामं करून घेणं सोपं. उलट त्या गुलमंडीच्या घरांचे कागद बघा, बहुतेकांकडं एक चिठ्ठीसुद्धा नव्हती.


नांदेडची_मी:

मी अन् माझ्या दोन मैत्रिणी टीव्ही सेंटरकडं राहतो, डायरेक्ट मालकाकडूनच. करार वगैरे वर छान सांगितलंय, मी ज्या गोष्टी कागदात येत नाहीत अन् रोज भांडण लावतात त्या सांगते.

पाहुणे. आपण मराठवाड्यातली माणसं, संभाजीनगरला खोली केली म्हणजे गावचं कुणी ना कुणी घाटीत दाखवायला येणारच, अन् आलं की तुझ्याकडंच उतरणार. माझ्या मामांचं ऑपरेशन झालं तेव्हा मामी अन् माझी आई आळीपाळीनं आमच्याकडं झोपायला यायच्या, घरमालकीण बाई तिसऱ्या दिवशी जिन्यात उभं राहून पाणी किती लागतं ते ऐकवायला लागल्या. त्यांचंही चूक नाही, आधी बोलणंच झालं नव्हतं. पण आईला ते ऐकावं लागलं याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हा आधीच विचार, आईवडील किंवा जवळचे आले तर किती दिवस चालतील, अन् तेवढी ओळ करारात टाक.

अंडी-मटण चालतं का, रात्री गेट किती वाजता बंद होतं, शेंद्र्यावाल्याची सेकंड शिफ्ट असली तर तो मध्यरात्री येणार, त्याला चावी मिळणार का. गाडी आत लावायची का रस्त्यावर. गॅस कुणाच्या नावावर. हे सगळं आत्ताच.

अजून एक, ते लिहायला बरं वाटत नाही पण इथं सगळे खरं बोलायलेत म्हणून लिहिते. आम्ही रूम शोधत होतो तेव्हा फोनवर सगळं पक्कं व्हायचं, अन् समोर गेलं की आडनाव विचारायचे, माझ्या एका मैत्रिणीचं आडनाव ऐकलं की 'आत्ताच दुसऱ्याला दिली' असं सांगायचे. एकदा नाही, बऱ्याचदा. ती पोरगी एमएस्सीला युनिव्हर्सिटीत चांगल्या मार्कांनी आलेली. आम्ही तिघींनी ठरवलं की तिला सोडून कुठंच राहायचं नाही, अन् मग फोनवरच तिघींची पूर्ण नावं सांगून विचारायला लागलो, चालत असेल तरच येतो. चकरा वाचल्या, अन् जी बाई 'या की, नावात काय बघायचं' म्हणाली तिच्याकडंच आजपर्यंत आहोत. पाण्यावरून बोलतात त्या, पण तिला घरातल्या पोरीसारखं बघतात. तुमच्या तिघांत असं कुणी असेल तर त्याला एकट्याला बाजूला पडू देऊ नका.


सिडको_एन_९:

@नांदेडची_मी ताई, मनापासून पटलं. हे व्हायला नको अन् होतं.

पाण्याचं राहिलंच बघा. जिंतूरकर, 'आहे ना भरपूर' यावर अजिबात जाऊ नको. आपल्या शहराला पाणी जायकवाडीवरून येतं, धरण भरलेलं असलं तरी नळाला रोज येत नाही, मधे कैक दिवस जातात. म्हणून घर बघताना मी आधी टाकी बघतो. खाली हौद आहे का, किती मोठा, वरच्या मजल्याची टाकी वेगळी का मालकाची अन् तुमची एकच, बोअर आहे का अन् एप्रिल-मेमध्ये त्याला पाणी राहतं का. हे शेवटचं मालकाला विचारू नको, शेजारच्या किराणावाल्याला विचार, तो खरं सांगतो. सातारा-देवळाईकडं किंवा बीड बायपासच्या आतल्या भागात घर घेणाऱ्यांनी तर टँकरचं बोलून घेतल्याशिवाय टोकन देऊच नये. टँकरचे पैसे भाड्यात धरलेत का वेगळे, वेगळे असतील तर किती माणसांत वाटायचे, खालचे चार अन् वरचे तीन म्हणजे सात वाटे का मजल्यामागं निम्मे. उन्हाळ्यात याच्यावरून चांगली माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात.

प्यायला जार लागेल तो वेगळा धरा.


गुंठेवारी_एरिया:

एक छोटी ॲडिशन. कुणी म्हणेल मालकाची रजिस्ट्री, इंडेक्स-२ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) बघा. आपल्या शहरात बऱ्याच वस्त्या गुंठेवारीतल्या (शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या) आहेत, पुंडलिकनगर-हनुमाननगर भागात पण भरपूर, लोकांनी बाँडवर प्लॉट घेऊन घरं बांधलेली, २००१ चा गुंठेवारी कायदा त्यासाठीच आला. तेव्हा इंडेक्स-२ नाही म्हणून मालक फ्रॉड असं नसतं. मनपाची मालमत्ता कराची पावती अन् महावितरणचं बिल, दोन्हीवर एकच नाव अन् पत्ता, एवढं जुळलं की भाड्यानं राहायला काही हरकत नाही.

बघायचं असतं ते हे की समोरचा माणूस स्वतःच भाडेकरू तर नाही ना. घर स्वतः भाड्यानं घेऊन वर खोल्या पोरांना देणारे लोक आहेत. खरा मालक पुण्याला नाहीतर मुंबईला, त्याला पत्ताच नाही. अन् ॲपवर फोटो टाकून 'मी आर्मीत आहे, पोस्टिंग बाहेर आहे, क्यूआर स्कॅन करून टोकन पाठवा' म्हणणारे तर शंभर टक्के चोर. पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.


जिंतूरकर:

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी परत गेलो होतो, उस्मानपुऱ्याच्या काकूंनी सांगितलं तसं काकू घरी असताना. काका आधी ऐकायला तयार नव्हते, मग मी म्हणलं की काका आमचं काही बरंवाईट झालं तर आमच्या घरच्यांचा पत्ता तरी तुमच्याकडं पाहिजे ना, तर काकूच म्हणाल्या, अहो घ्या की तिघांची नावं, पोरं स्वतःहून द्यायलेत. मुदत संपल्यावर दुप्पट भाड्याचं ताईंनी लिहिलेलं ते पण दाखवलं मोबाईलवर, ते वाचून काका एकदम मोकळे झाले. तिघांच्या नावावर, रजिस्टर, खर्च निम्मा काका, निम्मा आम्ही. टोकन २,००० घेतलं अन् व्हॉट्सॲपवर लिहून दिलं. लाईट बिल अन् टॅक्स पावती दोन्ही काकांच्याच नावावर आहे. पाणी, हौद आहे अन् बोअर आहे पण बोअर मेमध्ये जातो असं किराणावाल्यानं सांगितलं, काकांनी पण मान्य केलं, टँकरचे निम्मे निम्मे ठरले.

दोन गोष्टी राहिल्या. युनिटला १२ रुपये बरोबर आहे का? अन् कूलर लावायला काका नको म्हणतेत, लाईट अन् पाणी दोन्ही जातं म्हणे. अन् दुसरं, कन्नडवाला दोस्त मधेच गेला, म्हणजे त्याची पोस्ट निघाली तर, त्याचं डिपॉझिट कसं करायचं?


वायरमन_जालना_रोड:

लाईटचं मी सांगतो, रोजचंच काम आहे. महावितरणच्या घरगुती बिलात स्लॅब असतात, ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० अन् त्याच्यावर. पहिले १०० युनिट स्वस्त, पुढचे महाग. तुमचं अन् मालकाचं मेन मीटर एकच असलं की दोघांचे युनिट एकत्र होतात. समजा खाली १५० जळले अन् वर १२०, तर बिल २७० चं येतं, स्वस्तातले १०० एकदाच मिळतात. वेगवेगळी मीटर असती तर दोन्ही घरांना ते मिळाले असते. म्हणून मालक वरचढ रेट सांगतो, त्यात सगळाच नफा असतो असं नाही, पण फिक्स १२ रुपये कशावरून हे विचारायला पाहिजे.

सरळ हिशोब असा करा. महिन्याचं पूर्ण बिल भागिले मेन मीटरचे एकूण युनिट, जो रेट येईल तो गुणिले तुमच्या सबमीटरचे युनिट. ज्या महिन्यात जेवढा येईल तेवढा. काकांनी बिलाचा फोटो तुमच्या ग्रुपवर टाकायचा, तुम्ही सबमीटरचा फोटो टाकायचा, दोन मिनिटाचं काम आहे. राहायला जायच्या दिवशी सामान वर न्यायच्या आधी सबमीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, आकडा अन् तारीख दिसेल असा, अन् सगळे दिवे-पंखे बंद करून मीटरचा लाल दिवा लुकलुकतो का बघा. बंद करूनही लुकलुकत असेल तर जिन्यातला दिवा नाहीतर पाण्याची मोटर तुमच्या लाईनवर टाकलेली असते. मुद्दाम केलेलं असेलच असं नाही, जुन्या वायरिंगमध्ये होऊन बसतं, पण बिल तुम्ही भरता.

कूलरला एवढं घाबरायचं कारण नाही. साधा कूलर दीडशे-दोनशे वॅटचा, रात्रभर दहा तास चालला तर दीड-दोन युनिट. अंघोळीच्या पाण्याची दीड हजार वॅटची रॉड तासभर चालली की तेवढेच होतात, अन् तीन पोरांच्या अंघोळीला तासभर सहज लागतो. काकांना म्हणा युनिट आमच्या सबमीटरवर पडतील ते आम्ही भरू, अन् कूलरला बोअरचं नाहीतर वापरलेलं पाणी टाकू. मे महिन्यात वरच्या मजल्यावर स्लॅबखाली कूलरशिवाय झोपणं होत नाही, अन् सकाळी मशीनवर उभं राहायचंय तुला.


भाडेकरार_ताई:

वायरमन दादांनी सांगितलेला लाईटचा हिशोब अन् टँकरचे निम्मे, दोन्ही करारात एकेका ओळीत टाकून घ्या.

डिपॉझिटचं विचारलंस ते फार बरं केलंस, तिघांत राहणाऱ्यांचं सगळ्यात जास्त इथंच अडकतं. आपल्याकडं पद्धत काय, की जाणारा पोरगा येणाऱ्या नव्या पोराकडून डिपॉझिट घेऊन निघून जातो, मालकाला त्यातलं काही माहीत नसतं. मग नव्याचं नाव ना करारात ना मालकाच्या हिशोबात, अन् वर्षानं सगळे उठले की मालक म्हणतो मी तुझ्याकडून घेतलेच नाहीत. असं करू नका. करारात प्रत्येकाच्या डिपॉझिटचा आकडा वेगळा लिहा. अन् पुढची अट अशी लिहा, मी जशी घालते तशीच देते:

'तिघांपैकी कोणी मुदतीपूर्वी जागा सोडत असल्यास त्याने मालकास व इतर दोघांस एक महिना आधी लेखी कळवावे. त्याच्या नावे जमा असलेली अनामत रक्कम, त्याच्या वाट्याची थकबाकी वजा करून, जागा सोडल्यापासून १५ दिवसांत मालक त्याच्या बँक खात्यात परत करतील. त्याच्या जागी येणारी व्यक्ती मालकाच्या संमतीनेच राहील व तिच्या नावासह नवीन करार नोंदविला जाईल.'

'लेखी' मध्ये व्हॉट्सॲप चालेल असं पण एक वाक्य टाका. जागा रिकामी राहिली त्या महिन्यात तिसरा वाटा कोण भरणार हेही आत्ताच ठरवा, बहुतेक मालक एखादा महिना उरलेल्या दोघांच्याच वाट्याचं भाडं घ्यायला तयार होतात, पण आधी बोललं तरच. नव्या करारासाठी पुन्हा खर्च येतो, तो जाणाऱ्यानं अन् येणाऱ्यानं निम्मा निम्मा करावा असं मी सगळ्यांना सांगते.

अजून एक ओळ राहू द्या, रंगाचे पैसे. नेहमीच्या वापरानं भिंत मळली तर डिपॉझिटमधून कापायचं नाही, मोडतोड असली तर कापायचं. चावी घ्यायच्या आधी प्रत्येक खोलीचा, नळाचा, दाराच्या कडीचा व्हिडिओ करून काकांना पाठवून ठेवा.

शेंद्र्यावाल्या दोस्ताला कंपनीत एचआरए (घरभाडे भत्ता) दाखवायचा असेल तर त्याच्या वाट्याची पावती त्याच्याच नावानं घ्या. मालकाचा पॅन कंपनी मागते ते वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर, तुमचा एकेकाचा वाटा वर्षाला ३६,०००, तेव्हा पॅनचा प्रश्न येणार नाही.

करार कुठल्याही केंद्रावर करा, जाताना तिघांचं अन् काकांचं आधार, पॅन, काकांचं लाईट बिल, टॅक्स पावती अन् दोन साक्षीदार त्यांच्या आधारसह. ओटीपी येतो, म्हणून आधारला लागलेला मोबाईल नंबर चालू आहे का ते काकांचा आदल्या दिवशीच बघून घ्या, म्हाताऱ्या माणसांचा हमखास जुना असतो. अन् काकांचा अंगठा मशीनवर उठत नसेल तर बाकीची बोटं पण चालतात, त्यांना दमानं घ्या.